बिनपाण्याची मोटार

मला मोटार चालवता येत नाही. पुण्यात सुट्या भागांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, कुठलाही जुना तुकडा हातात दिला तर तो कोणत्या गाडीचा ते बहुतेक वेळा सांगू शकतो, पण स्टीअरिंगवर बसायचा योग काही आला नाही. त्याची भरपाई म्हणून असेल, मला जुन्या फोटोंतल्या गाड्या ओळखायचा नाद लागला. लग्नाचा फोटो असो की शिकारीचा, लोक त्यातली माणसं बघतात आणि मी मडगार्ड बघतो. दिव्याचा आकार, चाकाच्या आऱ्या, बॉनेटचा उतार एवढ्यावर गाडी सापडली की मला जेवण गोड लागतं. हा नाद एका मासिकाच्या संपादकांच्या कानावर गेला. तीन वर्षं झाली, वाचकांनी पाठवलेला एक फोटो आणि त्याखाली माझा अर्धा रकाना दर महिन्याला छापून येतो.

या लेखात मी कुठल्याही कंपनीचं नाव देणार नाही. मागे एक नाव घाईने छापलं, आणि त्यातून काय झालं तेच सांगायला बसलो आहे.

यंदा उन्हाळ्यात गोंदियाहून गोविंदप्रसाद नावाच्या गृहस्थांनी फोटो पाठवला. त्यांचे आजोबा अर्जुनी मोरगावकडचे मालगुजार, म्हणजे तिकडचे जमीनदार. फोटोत ते आपल्या मोटारीत मागे बसलेले, डोक्याला पगडी, आणि गाडीच्या भोवती सगळं पांढरंशुभ्र. बॉनेट घोरपडीच्या तोंडासारखं पुढे उतरत गेलेलं आणि पुढे रेडिएटरची जाळीच नाही. असं बॉनेट माझ्या ओळखीचं होतं. फ्रान्समधला एक कारखाना रेडिएटर इंजिनाच्या मागे बसवत असे, आणि फोटोत बॉनेटमागे एक काळी उभी पट्टी स्पष्ट दिसत होती. मी फ्रेंच गाडी म्हणून लिहून मोकळा झालो. वर पदरची दोन वाक्यं घातली, की या गाडीला पाणी फार लागे, ड्रायव्हर बिचारा बादली घेऊनच हिंडत असेल.

भाद्रपदात पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीने, जाड अक्षरात लिहिलेलं.

‘तुमी लिवलं का या गाडीले लय पानी लागे. हे खोटं हाय. माया बापानं ते गाडी नऊ वरसं चालवली. तिले पानी लागतच नवतं. तुमच्या लिवन्यानं माया बापाचं गावात बोलनं बंद झालं. एक तं येऊन पाहा, नाई तं खरं लिवा. भागरता, डोमाजी ड्रायव्हरची पोरगी.’

पाणी न लागणारी मोटार! मी कार्ड हसून ड्रॉवरमध्ये टाकलं. पण ‘बोलनं बंद झालं’ हे शब्द काही ड्रॉवरमध्ये राहिनात. गोविंदप्रसादांना पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. आश्विन लागला तेव्हा मालकांकडे आठ दिवसांची रजा मागितली आणि निघालो.

गोंदिया

हा मुलूख मुंबई राज्यात येऊन दोनच वर्षं झाली आहेत, आणि गोंदियाच्या स्टेशनावर उतरलं की ते ध्यानात येतं. हमालापासून पानवाल्यापर्यंत सगळे हिंदीत बोलतात. मी मराठीत विचारलं की ते हिंदीत उत्तर देतात, कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. हवेत बिडीच्या तंबाखूचा आणि राइस मिलच्या कोंड्याचा मिळून एक वास असतो. पहिल्या दिवशी घसा धरतो, दुसऱ्या दिवशी समजत नाही. सकाळी पोहे मागितले तर त्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओतून आले. पोह्यांवर रस्सा घालणं आमच्याकडे पाप आहे. मी ते पाप केलं आणि दुसरी बशी मागवली.

सायकल-रिक्षाने फुलचूरला गोविंदप्रसादांच्या घरी गेलो. ते बाहेरगावी गेलेले, उद्या येणार. घरच्यांनी बैठकीच्या बंद दाराकडे बोट दाखवून सांगितलं की मूळ मोठा फोटो आत भिंतीवर आहे, किल्ली त्यांच्यापाशी. मग उद्यापर्यंत इथे बसून काय करायचं? दुपारी मी छोट्या लाईनीची गाडी धरली.

ही गाडी म्हणजे खेळण्यातल्या आगगाडीची थोरली बहीण. डब्यात समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात, त्यामुळे ओळख करून घ्यावीच लागते. दोन्ही बाजूंना धान हिरवंगार उभं. मधेच झाडी बाजूला सरते आणि एखादं तळं उघडं पडतं. आमच्या घाटावर नदीकाठी गाव असतं. इथे गावाने आधी तळं बांधायचं आणि मग त्याच्या काठाने वसायचं, अशी रीत दिसली. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली कोहळी कुटुंबं याच भागातली. डोमाजी त्यांपैकीच, असं मला पुढे कळलं.

अर्जुनीच्या स्टेशनावर एक पस्तिशीची बाई बैलांचा कासरा धरून उभी होती. मी गोंदियाहून निरोप पाठवला होता. “तुमीच का पुन्याचे?” एवढं विचारून तिने माझी पिशवी रेंगीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, ठेवली आणि स्वतः हाकायला बसली. ही भागरताबाई.

तीन कोस वाट. वाटेत तिने जे सांगितलं त्याने माझी मान खाली गेली.

तिचा बाप तरुणपणी मालगुजाराचा ड्रायव्हर होता. गाडी गेली, मालगुजार गेले, मालगुजारीही गेली. डोमाजी शेतीला लागले. गेली वीस वर्षं गावच्या तळ्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, त्यांच्या हाती होती. कोणाच्या बांधीला, धानाच्या खाचराला, कधी आणि किती पाणी, हे ते सांगत आणि गाव ऐके. पारावर बसले की ते आपल्या बिनपाण्याच्या मोटारीची गोष्ट सांगत. लोक हसत, पण ते हसणं मायेचं होतं. मग शाळेतल्या गुरुजींकडे ते मासिक आलं. गुरुजींनी कौतुकाने वाचून दाखवलं, आणि पुण्याच्या जाणकाराने छापलेलं होतं की गाडीला लय पाणी लागे.

तेवढ्यावर थांबलं असतं. पण भाद्रपदात पाण्याच्या पाळ्या ठरवायला गाव बसलं तेव्हा शिवराम नावाचा शेतकरी उठला. त्याची बांधी पाटाच्या अगदी शेवटी, त्याची पाळी नेहमी शेवटची. तो म्हणाला, “जो मानूस मोटारीच्या पान्याचं खोटं सांगते, तो तऱ्याच्या पान्याचं खरं काऊन सांगन?”

डोमाजी उठून घरी गेले. त्या दिवसापासून तुडुमाकडे फिरकले नाहीत. आता जो तो आपल्या बांधीकडे पाणी वळवत होता, वरच्या बांध्या तुडुंब होत्या आणि खालच्यांचं धान ऐन लोंबी निसवायच्या वेळी पिवळं पडत होतं. सगळ्यात जास्त शिवरामचं.

गावात शिरताना रेंगीतून उतरून मी बांधावरून चालण्याची हौस केली. दहा पावलांत पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत चिखलात. भागरताबाईने हात देऊन वर काढलं, हसली मात्र नाही. त्यामुळे डोमाजींच्या अंगणात पुण्याचा जाणकार उभा राहिला तो चिखलाने माखलेला.

म्हातारा पासष्टीचा, अंगाने वाळलेला, ताठ. खाटेवर बसून त्याने मला नीट पाहिलं.

“तुमी ते गाडी पाह्यली होती का?”

“नाही. फोटो पाहिला.”

“चालवली?”

“नाही.”

“मंग लिवलं काऊन?”

मी बाहीवरचा चिखल पुसायला लागलो. मग तेच म्हणाले, “भागरता, यायले आंगाले पानी दे. आन् जेवाले वाढ.”

जेवायला उकड्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, आंबाडीची भाजी आणि तळ्यातले मासे. सवयीने मी पोळीची वाट बघत हात आवरून बसलो. भागरताबाईला वाटलं पाहुणा रुसला. पोळी इथे सणाची. रोजचं जेवण म्हणजे भात, आणि त्यानंतर पुन्हा भात. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

जेवणानंतर मी डोमाजींना गाडीबद्दल विचारायला लागलो. खरं सांगायचं तर ते विचारणं नव्हतं, उलटतपासणी होती. त्यांनी चुलीतली राख अंगणात पसरली आणि काडीने चित्र काढलं. सहा सिलिंडर, प्रत्येक सुटा ओतलेला, आणि प्रत्येकाला उसाच्या कांड्यांसारखी कडी. इंजिनामागच्या जड चाकालाच पंख्याची पाती. ते फिरलं की वरून वारा ओढून सिलिंडरांवरून खाली फेकायचं. पाणी ओतायला तोंडच नव्हतं, मग ओतणार कुठे? गाडीचा सांगाडा लोखंडाचा नव्हता, लाकडाचा होता. एकदा तडकला तेव्हा लोहार नव्हे, सुतार बोलावला होता. हेही गावाला पटत नसे. स्प्रिंगा चारही चाकांवर पुऱ्या, दोन कमानी तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तशा, म्हणून गाडी खाचखळग्यांतून नावेसारखी जाई.

हे कोणी बसल्या जागी रचू शकत नाही. असं इंजिन बनवणारा एक कारखाना अमेरिकेत होता हे मी कुठल्याशा जुन्या कॅटलॉगात ओझरतं वाचलं होतं, आणि त्याचंही बॉनेट उतरतंच होतं. पण फोटोतली काळी पट्टी? तिथे तर रेडिएटर दिसत होता. मी मासिकातला फोटो काढून त्यांच्यापुढे धरला आणि जे होतं ते सांगितलं: तुमचं म्हणणं मला पटतंय, पण ही पट्टी काय ते समजल्याशिवाय मी पुन्हा छापणार नाही. एकदा घाई केली आहे.

डोमाजींनी कागद दूर धरून पाहिला. त्यांना काही नीट दिसलं नसावं.

“फोटो काढला तवा मी होतो,” ते म्हणाले. “पन फोटो कवा पाह्यला नाई. डायवरले कोन दाखवन?”

मोठा फोटो फुलचूरला आहे, असं मी सांगताच ते उठले. म्हणाले, उद्याच जाऊ, आणि भागरताबाईला शिवरामकडे पाठवलं: त्यालाही यायला सांग, त्याच्या डोळ्यांनी पाहू दे.

फुलचूर

सकाळच्या गाडीत आम्ही चौघे. शिवराम चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. तो सबंध वाट खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं होतं तो भांडखोर असेल. तो फक्त घाबरलेला होता. वाटेत सौंदडला इंजिन पाणी घ्यायला थांबलं. सोंडेतून पाण्याचा लोट इंजिनात पडायला लागला आणि आम्ही चौघेही तिकडे बघू लागलो. शेवटी डोमाजीच म्हणाले, “आगगाडीले लागते. मी कवा नाई म्हनलं?” भागरताबाई तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

गोविंदप्रसाद आले होते. तिशीचा सालस माणूस. माझं पत्र त्यांच्या मागे येऊन पडलेलं, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. डोमाजींना ते ओळखत नव्हते, पण नाव ऐकताच पाया पडले. बैठक उघडून त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. चांगला ताटाएवढा, काच धुळीने आंधळी झालेली. आम्ही तो अंगणात उन्हात आणून खाटेवर ठेवला. गोविंदप्रसादांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली.

माझ्याकडच्या फोटोत गाडीभोवती सगळं पांढरं होतं. इथे मात्र वाड्याची भिंत होती, कडुलिंबाचं झाड होतं, छत्री धरलेला एक नोकर होता. मी विचारलं तेव्हा गोविंदप्रसादांनी सांगितलं की नक्कल काढताना त्यांनीच स्टुडिओवाल्याला म्हटलं होतं, “सिर्फ दादाजी और मोटर रखना, बाकी सब मिटा दो।” त्याने बाकी सगळं ब्रशने पुसून टाकलं होतं. जिथे आकृती गाडीला चिकटलेली होती तिथे त्याचा ब्रश थांबला होता.

मी खिशातलं भिंग बॉनेटमागे धरलं. तिथे रेडिएटर नव्हता. गाडीच्या पलीकडे काळ्या कोटातला एक तरुण उभा होता आणि त्याचा एक हात बॉनेटच्या मागच्या कडेवर टेकलेला होता. रेडिएटर म्हणून मी जे छापलं, तो पुसायचा राहून गेलेला काळ्या बाहीतला हात होता.

मी भिंग डोमाजींना दिलं. त्यांनी आधी पुढची स्प्रिंग पाहिली, मग चाक, मग दिवे, जणू गाडी बाहेर काढण्यापूर्वीची तपासणी करत होते. शेवटी भिंग त्या तरुणावर गेलं आणि तिथेच राहिलं.

“मीच व्हय तो,” ते म्हणाले. “कोट मालकानं देल्ला होता.”

भागरताबाई वाकून पाहू लागली. तिने बापाला त्या वयाचं कधी पाहिलेलं नव्हतं. मग शिवरामने भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि फोटोवरून नजर न काढता म्हणाला, “काका, मायं चुकलं.” मी सगळ्यांसमोर हात जोडले. चूक छापणारा मी होतो. गाडीला पाणी लागत नव्हतं.

इथे हा प्रवास संपायला हरकत नव्हती. गोविंदप्रसादांनी चहा सांगितला होता. पण डोमाजी खाली बसले नाहीत.

“थांबा,” ते म्हणाले. “अखीन एक गोस्ट हाय. ते मी कोनाले सांगली नाई.”

आणि गोविंदप्रसादांकडे वळून त्यांनी सांगितलं. नऊ वर्षं गाडी चालली. मग एका वैशाखात मालगुजारांच्या घरच्या बायकांना लग्नाला पोचवून ते एकटे परत येत होते. भर दुपार, चढाचा रस्ता, इंजिन तापून जळका वास यायला लागला. गाडी एका गावात थांबवली, तशी माणसं जमली. सगळे एकच म्हणू लागले: अरे पाणी टाक. हिला पाणी लागत नाही, असं डोमाजी सांगत राहिले, आणि लोक हसत राहिले. वास वाढत होता. डोमाजींना भीती वाटली. कोणी तरी घडा आणून हातात दिला.

“मले मालूम होतं. तरी टाकलं, तापल्या इंजिनावर. दोन सिलिंडर मडक्यावानी तडकले.”

मालकांना सांगितलं की इंजिन आपोआप फुटलं. अमेरिकेहून सिलिंडर आले नाहीत. गाडी वाड्यात पडून सडली आणि शेवटी भंगारात गेली. डोमाजींनी पुन्हा कुठली मोटार चालवली नाही.

“पानी लागत नाई, हे मी तीस वरसं लोकायले सांगून राहिलो,” ते म्हणाले. “टाकलं, हे सांगलं नाई.”

गोविंदप्रसाद फोटोकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “दादाजी कहा करते थे, डोमा ने नौ साल में एक ही बार दूसरों की सुनी। हम लोग समझते नहीं थे कि किस बात पर कहते हैं।”

डोमाजींनी मान वर केली. “मालकाले मालूम होतं?”

“होगा, काका। बैठिए अब।”

तेव्हा ते बसले. भागरताबाईने चहा बशीत ओतून त्यांच्या हातात दिला.

हे सगळं छापू का, असं मी त्यांना निघताना विचारलं. घड्याची गोष्ट वगळली तरी चालेल, असंही म्हटलं. ते म्हणाले, “अर्धं कायले? अर्ध्यानंच तं घोटाळा झाला.” म्हणून इथे पूर्ण लिहिलं आहे. पुण्याला आल्यावर दुकानाच्या माळ्यावरून जुना अमेरिकन कॅटलॉग शोधून काढला. त्या गाडीच्या सुट्या भागांच्या यादीत रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, रबरी नळी नाही. सांगाड्यासाठी मात्र लाकडाच्या फळ्या आहेत. पुढच्या अंकात फोटो येईल तो काहीही न पुसता येईल, आणि खाली बॉनेटमागे उभ्या असलेल्या माणसाचं नावही असेल.

तळ्यावर

मी थेट पुण्याची गाडी धरायला हवी होती. पण गोंदियाच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना शिवरामने डोमाजींना म्हटलं, काका, उद्या तुडूम तुमी खोला. आणि डोमाजी म्हणाले, “तुयं कायले आयकू? लोकायचं आयकून एक डाव पाह्यलं.” यावर शिवराम प्रथम गोंधळला आणि मग इतका हसला की समोरच्या बाकावरचं पोर रडायला लागलं. पुढे काय होतं ते पाहिल्याशिवाय माझ्याने जाववेना.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गाव पाळीवर, तळ्याच्या मोठ्या बांधावर, जमलं. फार माणसं नव्हती, पंधरा-वीस. फुलचूरला काय झालं ते शिवरामने स्वतः सांगितलं, घड्यासकट. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने फक्त एवढं विचारलं की सांगाडा लाकडाचा होता हेही मग खरं का, आणि मी हो म्हटल्यावर तो बराच वेळ मान हलवत राहिला.

डोमाजी धोतर खोचून तळ्यात उतरले. पाण्यात उभ्या दगडी खांबाला एकाखाली एक भोकं आणि त्यांत लाकडी बुचं असतात. छातीइतक्या पाण्यात जाऊन त्यांनी वरचं बूच उपटलं, हाताने ओढ चाचपली, मग दुसरंही काढलं. पाळीच्या दुसऱ्या अंगाला पाटात आधी कचरा वाहून आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. डोमाजी वर आले आणि ओल्या अंगाने पाळ्या सांगू लागले. नावं घेताना कुठे अडखळले नाहीत. शिवरामचं नाव शेवटी आलं, दर वर्षी येई तिथेच.

मी भागरताबाईला हळूच म्हटलं की आज तरी त्याला आधी द्यायला हवं होतं, त्याचं धान पिवळं पडलंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा बांधावरून घसरलो होतो. वरून भरत आलं तरच पाणी खालपर्यंत पोचतं, असं ती म्हणाली.

तिच्या रेंगीतून स्टेशनाकडे निघालो तेव्हा वाट पाटाच्या शेवटावरून गेली. शिवराम खांद्यावर फावडं टाकून आपल्या बांधीच्या तोंडाशी बसला होता. पाटात अजून कोरडी माती होती. पाणी कधी येणार, असं मी रेंगीतूनच विचारलं.

“परवा,” तो म्हणाला. “काका म्हनला तं येईन.”

आणि खांद्यावरचं फावडं उतरवून त्याने बांधीचं तोंड मोकळं करायला घेतलं.